सीलचे चौदा वाटे

सील समुद्रात राहतो, पण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. आर्क्टिकमध्ये समुद्र गोठू लागला की तो नखांनी बर्फ खरवडून भोकं उघडी राखतो. पुढे बर्फ सहा फूट जाड झाला तरी ती तो बुजू देत नाही. वरून हिम साचतं, त्यामुळे माणसाच्या डोळ्यांना काही दिसत नाही. कुत्र्याच्या नाकाला तेवढं कळतं. आणि एका सीलची अशी एक-दोन नाही, बरीच श्वासछिद्रं असतात. आता या भोकाशी आला, मग त्या. एकटा शिकारी दिवसभर एका भोकावर थांबला, तर सील पलीकडच्या भोकातून श्वास घेऊन निघून जाणार. म्हणून जितकी भोकं तितकी माणसं हवीत.

कॅनडाच्या उत्तर टोकाला, बूथिया द्वीपकल्पाच्या आसपास राहणाऱ्या नेट्सिलिक इन्युइटांचा सगळा हिवाळा या एका गोष्टीवर बेतलेला होता. उन्हाळ्यात ते चार-दोन कुटुंबांच्या तुकड्यांनी कॅरिबूंच्या आणि माशांच्या मागे पांगलेले असत. भर हिवाळ्यात मात्र पन्नास-साठ माणसं, कधी त्याहूनही जास्त, एकत्र येत आणि गोठलेल्या समुद्रावरच हिमाची घरं बांधून राहत. सकाळी पुरुष कुत्रे घेऊन निघत, भोकं हुडकत आणि एकेका भोकाशी एकेक जण उभा राही. पायाखाली कातड्याचा तुकडा, कारण बूट बर्फावर करकरला तर सील सावध होतो. भोकावर पिसाचा किंवा हाडाच्या सुईचा बारीकसा दर्शक. तो हलला की सील आला. तोवर कमरेत वाकून, हार्पून हाताशी ठेवून, तासन् तास उभं राहायचं.

मग कुणातरी एकाच्या भोकात सील येई. त्यात त्या शिकाऱ्याचं कसब असे, पण सीलने त्याचंच भोक निवडावं यात त्याचा काय हात? बाकीचे आपापल्या भोकांवर उभे होते म्हणूनच सीलला इकडे यावं लागलं. थंडीत गारठलेले सगळे धावत येत, बर्फावरच सील थोडासा चिरून त्याचं कोमट काळीज आणि चरबी खात, जखम नीट बंद करत आणि सील घराकडे ओढत नेत. तो मारला एकाने, पण मिळवला सगळ्यांनी. वाटणीचा सगळा कायदा इथून सुरू होतो.

या मुलखातल्या एका छोट्या वस्तीत मी काही वर्षं शाळेत गणित शिकवलं. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातल्या शाळांत वडीलधाऱ्यांना बोलावून मुलांना गोष्टी सांगायची, कातडं कमवायला, दिवा लावायला शिकवायची रीत आहे. आमच्याकडे एक आजी येत. सगळी शाळा त्यांना आजीच म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. त्या इनुक्टिटुटमध्ये बोलत आणि त्यांची नात, जी शाळेतच काम करायची, मला इंग्रजीत सांगे. मधेच नात थांबे, आजीला काही विचारी, दोघींचं बराच वेळ बोलणं होई आणि मला त्यातलं एक वाक्य मिळे. जे गळलं त्याची हळहळ मला अजून आहे.

सील घरात आला की पुढचं काम बाईचं, असं आजी सांगत. सील खाऱ्या पाण्यात जगतो, त्याला गोड्या पाण्याची तहान असते. म्हणून कापण्याआधी त्याच्या तोंडात वितळलेल्या हिमाचं पाणी घालायचं. पाहुण्याला आपण विचारतो तसं विचारून नाही, सरळ घालायचं. पाणी मिळालेला सील दुसरा देह घेऊन पुन्हा त्याच शिकाऱ्याकडे येतो. मग शिकाऱ्याच्या बायकोने अर्धचंद्राच्या आकाराची सुरी, म्हणजे उलू, घेऊन सील उकलायचा. पुठ्ठा, बरगड्या, मान, डोकं, आतडी, चरबी असे मोजून चौदा वाटे. त्यातले बारा शिकाऱ्याच्या बारा भागीदारांच्या घरी जात. शेवटचे दोन घरात राहत.

ज्याचा जो वाटा, तो आयुष्यभर तोच. पुठ्ठ्याचा भागीदार पुठ्ठाच घेई, मानेचा मान. दोघं एकमेकांना नावाने नाही, त्या वाट्याच्या नावानेच हाक मारत. आजीच्या वडिलांना एक जण ‘माझा पुठ्ठा’ म्हणत असे, आणि तो म्हातारा आला की घरात कसा आनंद व्हायचा हे सांगताना आजींचा आवाज बदले. हे भागीदार मुलगा लहान असतानाच ठरत आणि ते ठरवत त्याची आई. जवळचा नातलग ती मुद्दाम टाळी. भावाला, काकाला तर तसंही मिळणारच होतं. म्हणून जो आपल्या चुलीचा नाही, त्यालाच या धाग्याने बांधायचं. भागीदार मेला तर त्याचं नाव ज्याला मिळालं असेल तो त्याच्या जागी येऊ शके. इन्युइटांत मेलेल्याचं नाव नव्या बाळाला देतात आणि नावाबरोबर माणसाचं काहीतरी बाळात येतं असं मानतात, त्यामुळे यात कुणाला नवल वाटत नसे.

सगळे वाटे सारखे नव्हते. मांसल पुठ्ठा आणि डोकं यांत फरक आहेच. पण माझ्या सीलचं डोकं ज्याला मिळतं त्याचे स्वतःचेही बारा भागीदार आहेत, दुसऱ्या कुणाच्या सीलमध्ये त्याचा वाटा पुठ्ठ्याचा आहे. हिवाळाभर हे मांस वस्तीत फिरत राही. ज्याच्या भोकाकडे महिनाभर सील फिरकला नाही त्याच्याही घरी दिवा पेटता असे. तो दिवा सीलच्याच चरबीवर जळे, त्यावरच हिम वितळवून प्यायचं पाणी होई. समुद्रावरच्या त्या वस्तीत लाकूड नव्हतं. वाटा नाही म्हणजे अन्न नाही, उजेड नाही आणि पाणीही नाही.

ही पद्धत बाहेरच्या जगाला बारकाईने कळली ती फ्रान्स व्हान दे व्हेल्डे या बेल्जियन मिशनऱ्यामुळे. पेली बे इथे, म्हणजे आजच्या कुगारुकमध्ये, तो अनेक वर्षं राहिला, लोकांची भाषा शिकला, आणि १९५६ साली त्याने वाटणीचे नियम लिहून छापले. पुढे आसेन बालिक्सी हा मानववंशशास्त्रज्ञ तिथे आला. साठच्या दशकात त्याने पेली बेच्या लोकांना सोबत घेऊन जुन्या जगण्याच्या फिल्म काढल्या. लोकांनी बंदुका बाजूला ठेवल्या, कॅरिबूच्या कातड्याचे कपडे चढवले आणि आपल्या आईबापांचं आयुष्य कॅमेऱ्यासमोर जगून दाखवलं. त्या फिल्म अमेरिकेतल्या शाळांत अभ्यासाला लावल्या गेल्या आणि सत्तरच्या दशकात त्यांवरून तिथल्या संसदेत वादही झाला. आमच्या शाळेत त्यांतली एखादी लावली की मुलं पडद्यावरच्या माणसांना नात्याने ओळखत: ही माझ्या आईची आत्या, हे अमक्याचे पणजोबा.

पण कायदा लिहिलेला असणं वेगळं आणि तो मोडल्यावर काय होतं हे लहान मुलाला कळणं वेगळं. ते काम गोष्टी करत. आजींच्या गोष्टी ऐकता ऐकता मला जाणवलं की त्यांत एक पोरकं मूल वारंवार येतं. वस्तीच्या कडेला म्हातारी आजी आणि तिचा आईबापाविना नातू. त्याला कुणी वाटा देत नाही, दिलाच तर वॉलरसचं जाड कातडं देतात, तो घराच्या दारवाटेत कुत्र्यांबरोबर झोपतो. कौज्जाजुकच्या गोष्टीत असं पोर शेवटी अचाट ताकदीचं होतं आणि छळणाऱ्यांचा समाचार घेतं. किव्हिउकची गोष्ट तर पूर्ण आर्क्टिकमध्ये सांगितली जाते. तिथे आजी नातवाला सीलचं कातडं घालते, पाण्यात श्वास रोखायला शिकवते, तो सील होऊन शिकाऱ्यांना भुलवत दूर समुद्रात नेतो आणि वादळ उठतं. सगळे कयाक उलटतात. वाचतो एकटा किव्हिउक, कारण पोराशी तो एकटाच मायेने वागलेला असतो. तिथून त्याची ती लांबलचक भटकंती सुरू होते.

आणि नुलिआजुक. तिची गोष्ट १९२३ साली नालुंगिआक नावाच्या नेट्सिलिक बाईने क्नुड रासमुसेन या संशोधकाला सांगितली. रासमुसेन ग्रीनलंडमध्ये वाढलेला, आईकडून त्याच्यात इन्युइट रक्त होतं आणि भाषा लहानपणापासूनची, त्यामुळे त्याला दुभाषा लागला नाही. गोष्ट अशी: लोक शिकारीची जागा बदलत होते, कयाक एकमेकांना बांधून पाणी ओलांडत होते. गर्दी होती. एका पोरक्या मुलीने उडी मारून वर चढायचा प्रयत्न केला. तिचं कुणीच नव्हतं, म्हणून लोकांनी तिला पाण्यात ढकललं. तिने कड धरून ठेवली, तेव्हा त्यांनी तिची बोटं छाटली. ती बोटं पाण्यात वळवळली आणि सील झाली. ती मुलगी समुद्राच्या तळाशी गेली आणि सगळ्या जलचरांची मालकीण झाली. माणसं चुकीचं वागली की ती सील कोंडून ठेवते आणि वस्तीवर उपासमार येते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा आजींच्या तोंडून ऐकली तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. मला ती आजही भयंकर वाटते. जिला वाटा नाकारला, जागा नाकारली, तिच्याच बोटांवर हे लोक जगतात. प्रत्येक सील हा त्या नाकारलेल्या मुलीचा अंश. तो मारल्यावर लपवून एकट्याने खायची हिंमत कुणाची होईल?

पण म्हणून हे लोक म्हणजे दानशूर देवमाणसं, असं चित्र मी रंगवणार नाही. आजींनीही ते रंगवलं नाही. उपासमारीच्या हिवाळ्यांत नवजात मुली मारल्या जात, चालता न येणारे म्हातारे मागे राहत. रासमुसेनने हे नोंदलं आहे आणि आजींच्या घराण्यातही ते घडलेलं होतं. त्या त्याबद्दल फार थोडं बोलल्या, नातीने त्याहून थोडं सांगितलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही. गोष्टींतल्या पोरक्याला वस्तीने न्याय द्यावा लागतो, याचं कारण खऱ्या वस्तीत तो दर वेळी मिळत नव्हता. चौदा वाट्यांचा इतका काटेकोर नियमही माणसाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवून केलेला दिसत नाही. भूक काय करायला लावते हे ज्यांनी पाहिलं होतं, त्यांनी तो केला.

वाटणीला सीमाही होती, आणि तिचाही एक किस्सा आहे जो इतिहासात गाजला. १८४५ साली इंग्रज नौदल अधिकारी जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन वायव्य मार्ग शोधायला निघाला. १२९ माणसं या मुलखात येऊन बर्फात अडकली आणि एकही परतला नाही. त्यांतल्या काहींशी, किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सीलच्या शिकारीला आलेल्या चार इन्युइट कुटुंबांची गाठ पडली. सुमारे चाळीस गोरी माणसं, भुकेने खंगलेली, होडी ओढत चाललेली. त्यांनी मांस मागितलं. कुटुंबांनी सील दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ती कुटुंबं तिथून निघून गेली. १८६९ मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल या अमेरिकन माणसाने हे सगळं त्या भेटीतल्याच माणसांकडून ऐकलं, आणि तो संतापला. उपाशी माणसांना टाकून गेलात! हा हॉल त्याआधीची पाच वर्षं इन्युइटांनी मारलेल्या सीलवर जगला होता.

मी हा किस्सा पुस्तकात वाचून आजींना विचारला. त्यांना तो माहीत होता, अर्थातच. त्यांनी मला उलट विचारलं: चार कुटुंबांत शिकारी किती? आणि चार-पाच माणसं किती भोकांवर उभी राहणार? मी गप्प झाले. सुरुवातीला सांगितलं ते श्वासछिद्रांचं गणित इथे लागू होतं. चाळीस तोंडं जोडली गेली, पण त्यांतला एकही भोकावर उभा राहू शकत नव्हता. त्या कुटुंबांनी एक सील दिला, म्हणजे आपल्या पोरांचे किती दिवस दिले ते त्यांनाच ठाऊक. आजी त्या गोऱ्या माणसांबद्दल दुःखाने बोलल्या. इतकी मोठी माणसं आणि त्यांच्याबरोबर एकही बाई नाही, एकही आजी नाही, मग त्यांना कोण शिकवणार, असं त्यांचं म्हणणं.

याच भागातल्या इन्युइटांनी १८५४ मध्ये जॉन रे या स्कॉटिश डॉक्टरला सांगितलं होतं की ती माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी आपल्याच मेलेल्यांचं मांस खाल्लं. लंडनला हे सहन झालं नाही. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात इन्युइटांची साक्ष धुडकावून लावली आणि त्यांच्यावरच संशय घेतला. पुढे १९९० च्या दशकात सापडलेल्या हाडांवर सुरीचे व्रण मिळाले. किंग विल्यम बेटावरच्या जो हॅवनचे लुई कमूकाक यांनी लहानपणी पणजीकडून त्या गोऱ्यांच्या वस्तूंची गोष्ट ऐकली होती. त्यांनी आयुष्यभर म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि जागांची नावं गोळा केली. २०१४ साली ‘एरेबस’ समुद्रतळाशी सापडलं, ते इन्युइट पिढ्यान् पिढ्या सांगत होते त्याच पाण्यात. २०१६ मध्ये ‘टेरर’ सापडलं, तेही एका इन्युइट शिकाऱ्याने पाहिलेल्या खुणेवरून. कमूकाक २०१८ मध्ये वारले. निदान हे पाहून गेले.

चौदा वाट्यांची पद्धत मात्र टिकली नाही. ती कुणी बंद केली नाही, तिचं कारणच निघून गेलं. बंदूक आली. उघड्या पाण्याच्या कडेला किंवा वसंतात बर्फावर ऊन खात पडलेल्या सीलला एकटा माणूस गोळी घालू शकतो, त्याला भोकांवर उभे राहणारे दहा जण लागत नाहीत. कोल्ह्याच्या कातड्यांचा व्यापार आला, आणि सापळे लावायचे तर प्रत्येक कुटुंबाची वाट वेगळी झाली. पन्नासच्या दशकात रडारची ठाणी उभारली गेली, पगार आले. मग शाळा, दवाखाना, पक्की घरं, आणि साठच्या दशकात लोक कायमचे वस्तीत राहू लागले. आजींच्या मुलांसाठी भागीदार ठरवले गेलेच नाहीत.

माझे आजोबा देवगडकडचे रापणकर. ते सांगत, की रापणीचं मोठं जाळं किनाऱ्याला लागलं की दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाला वाटा मिळे, पोरालासुद्धा. मी हे आजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, उरलेली मासळी कुठे जाई? बाजारात, मी म्हटलं. त्या जरा थांबल्या आणि त्यांनी नातीला काहीतरी सांगितलं, जे तिने मला सांगितलं नाही. रापण आणि हे एकच आहे असं मी त्यानंतर कधी म्हटलं नाही. अन्नाला भाव लागला की वाट्याचं काय होतं, हा प्रश्न आता त्यांच्याही दारात आलेला आहे. फेसबुकवर लोक सीलचं, कॅरिबूचं मांस विकायला ठेवतात. म्हाताऱ्यांना ते टोचतं. विकणारा तरुणही चुकीचा नाही: स्नोमोबाइल, पेट्रोल, काडतुसं यांचे पैसे कुठून आणायचे? ज्याला नोकरी आहे त्याच्याकडे पैसा असतो, शिकारीला वेळ नसतो. ज्याला वेळ आहे त्याच्याकडे पेट्रोल नसतं. दुकानातलं दूध, पीठ, भाजी विमानाने किंवा उन्हाळ्यात येणाऱ्या जहाजाने येते, आणि त्यांच्या किमती पाहून दक्षिणेकडून आलेला माणूस हबकतो. २००७-०८ मधल्या इन्युइट आरोग्य पाहणीत नुनावुतमधल्या सुमारे सत्तर टक्के इन्युइट घरांना पुरेशा अन्नाची शाश्वती नसल्याचं आढळलं. कॅनडासारख्या श्रीमंत देशातला हा आकडा आहे. तो वाचून मला संताप येतो, आणि ज्यांच्या आज्यांनी चौदा वाट्यांचा नियम पाळला त्यांच्यावर हे यावं म्हणून जास्तच येतो.

तरीही देणं थांबलेलं नाही. वस्तीच्या रेडिओवर कुणीतरी सांगतं, अमक्याच्या घरी सील आहे, या. लोक पिशव्या, उलू घेऊन जातात. जमिनीवर पुठ्ठ्याचे खोके उलगडून त्यावर सील ठेवलेला असतो, सगळे भोवती बसून कापून खातात, मग घरी नेतात. ज्याला हवं त्याने यावं, त्याने काय दिलं होतं हे कुणी विचारत नाही. म्हाताऱ्यांच्या घरी न मागता पोचवलं जातं. मुलाने पहिला सील मारला तर तो सगळाच्या सगळा वाटून टाकतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा पहिला सील असाच गेला. त्याच्या जन्माच्या वेळी जी सुईण होती तिला पहिला मान. मुलाला स्वतःला काही मिळालं नाही आणि त्याला तसं हवंही नव्हतं. वर्गात तो दोन दिवस नुसता हसत होता.

मी परतायच्या वर्षी शाळेत सील कापायचा ठरला. आजींना मुलांकडून जुने चौदा वाटे करून घ्यायचे होते. आणखी एक आजोबा आले होते, ते दुसऱ्या हिवाळी वस्तीत वाढलेले. मानेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग आजोबा म्हणाले, आमच्याकडे इथे असं कापत नसत, हा भाग बरगडीबरोबर जाई. आजी म्हणाल्या, नाही. आजोबांनी स्वतः उलू हातात घेतली, आणि बाईच्या हातातली उलू पुरुषाने घेतली म्हणून पोरी खिदळल्या. बराच वेळ दोघं तावातावाने बोलत होते, आपापल्या वडिलांच्या भागीदारांची नावं घेत होते, आणि त्यातून मुलांना अशी माणसं कळली ज्यांचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एका मुलीला तिचंच नाव त्यांत सापडलं. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या बाईंचा नवरा आजींच्या वडिलांच्या सीलमध्ये मानेचा भागीदार होता. मग मान कुणाला, यावर वाद उरला नाही. ती त्या मुलीच्या पिशवीत गेली. बरगडीचा प्रश्न तसाच राहिला. मुलांनी दोन्ही याद्या वहीत लिहून घेतल्या आणि शाळा सुटायच्या आत सगळं मांस वाटून संपलं.